परवाना कोणाला, भय कोणाचे?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा उलटला की तेथील वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि काही लहान मुले. अशा या कोरडवाहू जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेले होते, ही गोष्ट उर्वरित महाराष्ट्राला कळली ती ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचाचे अपहरण होऊन खून झाल्यानंतर. त्या खुनाला पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीची पार्श्वभूमी होती, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. खुनासाठी बंदुकीची गरज पडली नाही. परंतु लोकक्षोभ उसळताच प्रशासनाने परवान्यांची छाननी केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करून टाकले.

या छाननीचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. मात्र तिच्यातून उभा राहणारा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. ज्यांचे परवाने रद्द झाले त्यांच्या जीविताला धोका आहे, असे याच शासनाने केव्हातरी लेखी मान्य केले होते. आत्मसंरक्षणासाठीचा परवाना सहसा त्याशिवाय मिळत नाही. तो धोका छाननीच्या चार दिवसांत कोठे गेला? एक तर तो मुळातच नव्हता, नाही तर त्याची नोंद करणारी यंत्रणा भलत्याच माणसांचे भय मोजत होती. दुसरी शक्यता अधिक खरी दिसते, आणि शस्त्रपरवान्याच्या प्रश्नाचे मर्मही तेथेच आहे.

आत्मसंरक्षणाचा हक्क आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत केली जाते. पहिला हक्क प्रत्येकाचा आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत जवळपास तसाच उतरला आहे. आपल्या किंवा दुसऱ्याच्याही शरीरावरील हल्ला परतवण्याचा, चोरी, दरोडा, नासधूस यांपासून मालमत्ता राखण्याचा हा हक्क आहे. मृत्यूचे, जबर दुखापतीचे, बलात्काराचे वा अपहरणाचे वाजवी भय असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो जाऊ शकतो. अ‍ॅसिडहल्ल्याची भर त्यात २०१३ साली पडली. या हक्काला मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. शासकीय यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाती असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. सूड या हक्कात बसत नाही, आणि धडा शिकवणेही बसत नाही.

हा हक्क केवळ मालकांचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सांगितले. १९६८ साली प्रसिद्ध झालेला हा निकाल कार्यकर्त्यांनी मुळातून वाचण्यासारखा आहे. फाळणीनंतर निर्वासित मालमत्ता ठरलेल्या जमिनीवर एक जुने कूळ वर्षानुवर्षे वहिवाट करीत होते. जमिनीचा लिलाव झाला, घेणाऱ्याला कागदोपत्री ताबा मिळाला आणि त्याची माणसे प्रत्यक्ष ताबा घ्यायला आली. मारामारी झाली, आणि आरोपी झाले ते कुळाच्या बाजूचे लोक. न्यायालयाने त्यांचा बचावाचा हक्क मान्य केला. स्थिर वहिवाट असलेल्याला कायदेशीर मार्गानेच हटवता येते, बळाने हटवू पाहणाऱ्याला तो रोखू शकतो, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. बंदूक, पिस्तूल, परवाना यांचा या हक्काशी अंगभूत असा काहीच संबंध नाही, हेही त्यातून ध्यानात यावे.

परवान्याची कुळकथा वेगळी आहे. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ साली जो शस्त्र कायदा झाला त्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान स्वातंत्र्यचळवळीला इतका झोंबला होता की अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या प्रचारात या कायद्याचा उल्लेख इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांमध्ये केला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला, तो त्याच झोंबणीतून. पुढे घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामथ यांनी याच ठरावाचा आधार घेऊन दुरुस्ती मांडली. हेच कामथ नंतर प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. त्यांच्या दुरुस्तीला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हत्यारे विकत घेण्याचा अनिर्बंध अधिकार दिला तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

कामथांची तळमळ प्रामाणिक होती. परंतु समाज ओळखला होता तो आंबेडकरांनी. परकीय सत्तेविरुद्ध सारा देश निःशस्त्र असतो तेव्हा शस्त्राची मागणी ही समतेची मागणी ठरते. सत्ता गेल्यानंतर गावात पाटील राहतो, सावकार राहतो आणि गावकुसाबाहेरची वस्तीही राहते. तेथे शस्त्राचा हक्क सर्वांना सारखा दिला तरी शस्त्र सर्वांच्या हाती सारखे पडत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने ही अडचण ओळखली होती, असे म्हणता येईल. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे त्या कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. कलम सुंदर आहे. व्यवहार मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे चालतो, आणि तेथे व्यवसायाच्या वा कामाच्या स्वरूपामुळे जीविताचे किंवा मालमत्तेचे रक्षण करण्याची ज्याला खरी गरज आहे असा अर्जदार विचारात घेतला जातो. आता सांगा, वाळूचा ठेकेदार, जमिनींचा दलाल, सराफ, बांधकाम व्यावसायिक यांची गरज कागदावर मांडता येते. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या आणि त्याच्या माणसांचा मार खाणाऱ्या ऊसतोड मजुराची गरज कोणत्या रकान्यात मांडायची? त्याच्या भयाला व्यवसाय नाही, मालमत्ता नाही आणि शिफारसपत्रही नाही.

अर्थशास्त्रात सार्वजनिक आणि खाजगी वस्तू असा भेद करतात. रस्त्यावरचा दिवा एकाला उजेड देतो म्हणून दुसऱ्याचा उजेड कमी होत नाही. पोलीस ठाण्याने दिलेले संरक्षण, निदान तत्त्वतः, अशाच प्रकारचे असते. कमरेचे रिव्हॉल्व्हर तसे नसते. ते एकाची सुरक्षितता जेवढी वाढवते तेवढीच, किंबहुना अधिक, शेजाऱ्याची असुरक्षितता वाढवते; आणि हा भार शेजाऱ्याने फुकट सोसायचा असतो. बांधावरच्या भांडणात एका बाजूच्या माणसाने सदरा जरा वर उचलून दाखवला की पुढची बोलणी कोणत्या दिशेने जातात, हे खेड्यात वावरणाऱ्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. गोळी एकही सुटत नाही आणि काम होते. या वापराची नोंद कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

शासनाला हे ठाऊक आहे, याचा पुरावा दर निवडणुकीत मिळतो. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. म्हणजे ही शस्त्रे मतदाराला धाक दाखवू शकतात, हे राज्याला मान्य आहे. मग सोसायटीच्या कर्जवाटपाच्या दिवशी, पाणी सोडण्याच्या पाळीच्या दिवशी, मजुरीच्या हिशेबाच्या दिवशी तोच धाक निरुपद्रवी कसा ठरतो? आणि ज्याच्या प्राणावर बेतले आहे म्हणून शस्त्र दिले, तो ते दीड-दोन महिने ठाण्यात ठेवूनही सुखरूप राहत असेल, तर उरलेल्या काळात त्याला त्याची किती गरज होती?

यावर जबाबदार मालकीचे उत्तर दिले जाते. परवानाधारकाने प्रशिक्षण घ्यावे, शस्त्र कुलपात ठेवावे, गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात, लग्नाच्या वरातीत बार काढू नयेत, असे सांगितले जाते. यातील एकही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली आहे; २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि हर्षाच्या भरात केलेला निष्काळजी गोळीबार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. मात्र त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे फेरतपासणीची वेळ लांबवली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असाच हा प्रकार.

परंतु जबाबदारीचा हा सारा विचार मालकाच्या स्वभावावर भिस्त ठेवतो. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. आरोप सत्ताधारी आघाडीतील तेव्हाच्या एका आमदारावर आहे, आणि आपण आत्मसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असे त्याने स्वतः वृत्तवाहिनीला सांगितले. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. एवढे मात्र खरे की मदत मागण्याचे शासकीय ठिकाण तेथे हाकेच्या अंतरावरही नव्हते. माणसे त्याच्या आतच बसली होती. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा कॅमेऱ्यासमोर खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातून काढलेला होता. परवाना एकाच्या नावावर, बोट दुसऱ्याचे. जबाबदार मालकाचे शस्त्रही त्याच्या जबाबदारीच्या कक्षेत कायम राहतेच असे नाही.

उत्तर प्रदेशाचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक आकडा सांगितला पाहिजे. केंद्रीय गृहखात्याच्या नोंदीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार चालू परवाने होते. त्यांपैकी जवळजवळ १२ लाख ७८ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. परवान्याने माणूस निर्भय होत असता तर महाराष्ट्रातील लोकांनी अभय शोधायला उत्तर प्रदेशात जायला हवे होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा भ्रम अधिक क्रूर रूप घेतो. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती; म्हणजे साडेसातशे दिवसांची मजुरी. केंद्रीय कायदा त्या काळी वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता, तेव्हा न खाता-पिता साडेसात वर्षे राबल्यावर ती मजूर स्त्री निर्भीक व्हायची! सार्वजनिक बसमध्ये झालेल्या अत्याचारावर सरकारी कारखान्याने खाजगी खरेदीचा तोडगा काढावा, यात राज्यसंस्थेने आपली जबाबदारी कोणाकडे सरकवली ते उघड दिसते.

मग दुर्बलांनी काय निःशस्त्रच राहायचे आणि पोलिसांच्या दयेवर जगायचे, असा प्रश्न येतो. आणि तो टाळता येत नाही. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ जणांची कत्तल केली. त्या खटल्यातील शिक्षा पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केल्या. ज्यांच्या वाट्याला असे संरक्षण आणि असा न्याय आला त्यांना अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनी या प्रश्नाला एक उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. तिसऱ्या नियमानुसार, जेथे अत्याचाराची भीती आहे असे क्षेत्र राज्य सरकारने निश्चित करावे. आवश्यक तर तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे व स्नेह्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. या क्रमाला अर्थ आहे. आधी बळवंताच्या हातातील शस्त्र खाली येते, दुर्बलाच्या हातात ते देण्याचा विचार नंतर होतो. दलित वस्तीला बंदुका द्या, ही घोषणा टाळ्या मिळवते. पण वस्तीवर दहा परवाने आणि वाड्यावर तीस, अशी स्पर्धा झाली तर ती कोण जिंकणार याविषयी शंका नको.

हा क्रम उलटा केला की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देण्याचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तरीही मे २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने संवेदनशील ठरवलेल्या भागांतील ‘मूळ रहिवाशां’ना शस्त्रपरवाने देण्याची योजना मंजूर केली. येथे भय व्यक्तीचे राहिले नाही. ते समाजगट पाहून वाटले गेले. ज्या शेजाऱ्याविरुद्ध हे परवाने आहेत तोही नागरिकच आहे, आणि त्याला आत्मसंरक्षणाचा हक्क त्याच ३४ ते ४४ कलमांनी दिला आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या हाताशी एक साधन आहे. त्याच १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. समितीचे अध्यक्ष जिल्हादंडाधिकारी असतात. पोलीस आयुक्तालयाची हद्द सोडली तर जिल्ह्यातील शस्त्रपरवानेही तेच देतात. म्हणजे दोन्ही फायली एकाच टेबलावर आहेत. तिसऱ्या नियमाखाली जिल्ह्यात कोणती गावे निश्चित केली, त्या गावांत चालू परवाने किती, ते कोणत्या धोक्याच्या नावाने दिले आणि नियम आल्यापासून त्यांतले किती रद्द केले, हे चार प्रश्न पुढच्या बैठकीआधी लेखी द्यावेत आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.