राख बायकांची, घर पुरुषांचं

शाळेत असताना गावच्या क्रिकेट स्पर्धेत आम्हा मुलींना एकच काम असायचं. बक्षीस समारंभात पाहुण्यांना ओवाळायचं आणि चषकांचं तबक धरून उभं राहायचं. मैदानात पाय पडायचा तो तेवढ्यापुरताच.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ‘ॲशेस’चा गाजावाजा सुरू झाला की मला ते तबक आठवतं. १८८२ साली ओव्हलवर इंग्लंड हरलं आणि एका वृत्तपत्रानं इंग्लिश क्रिकेटचा थट्टेचा मृत्युलेख छापला. पुढच्याच दौऱ्यात कर्णधार आयव्हो ब्लाय याला राखेची इवलीशी कुपी भेट मिळाली. दिली कुणी? मेलबर्नच्या बायकांनी. तिच्यासाठी मखमली पिशवी शिवली, तीही एका बाईनंच. त्या बायकांतली फ्लॉरेन्स पुढे ब्लायची पत्नी झाली. १९२७ साली तो वारल्यावर तिनं ती कुपी लंडनच्या एमसीसी क्लबला देऊन टाकली.

आणि त्या क्लबात बाईला सभासदत्व नाही! १९८६ साली भारतीय संघातून इंग्लंडला गेलेल्या मुंबईच्या डायना एडलजींना तिथल्या, लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला. १९९१ साली बायकांना सभासद करण्याचा ठराव फेटाळला गेला. दार उघडलं ते सप्टेंबर १९९८ मध्ये, क्लबच्या स्थापनेनंतर तब्बल २११ वर्षांनी.

‘बायका खेळतच कुठे होत्या?’ असं कुणी विचारील. याच दोन देशांच्या बायकांची पहिली कसोटी ब्रिस्बेनला डिसेंबर १९३४ मध्ये झाली. त्यांना स्वतःचा चषक मिळायला १९९८ साल उजाडलं. लॉर्ड्सवर एक बॅट जाळली आणि तिची राख लाकडी चेंडूत ठेवली. पण नाव काय? ‘महिला ॲशेस’. पुरुषांची मात्र नुसती ‘ॲशेस’! २०२३ साली इंग्लंडच्याच चौकशी आयोगानं नोंदवलं, की तोवर तिथल्या महिला संघाला लॉर्ड्सवर एकही कसोटी खेळायला मिळालेली नव्हती. शाळकरी मुलगे मात्र तिथे दरवर्षी सामना खेळत होते.

परंपरा घडवायला बाई चालते, वाटेकरी म्हणून चालत नाही. हे फक्त लंडनचं आहे का? मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीतल्या पुढच्या स्पर्धेत तबक कोण धरतंय ते पाहा. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारा, मुलींना मैदान आठवड्यातून किती तास मिळतं? उत्तर मिळेपर्यंत तबक खाली ठेवू या.