राष्ट्राचे तेल आणि सरकारची वहिवाट

सन 2018 च्या जानेवारीत केंद्र सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधील आपला 51.11 टक्के हिस्सा ओएनजीसीला 36,915 कोटी रुपयांना विकला आणि ती रक्कम निर्गुंतवणुकीच्या सदरात जमा केली. विकणारे सरकार, आणि विकत घेणाऱ्या कंपनीचे बहुसंख्य भाग ज्याच्या हाती तेही सरकारच. तेव्हा या व्यवहाराने मालकी बदलली नाही, बदलला तो पैशाचा मुक्काम. जे द्रव्य नव्या विहिरी खोदण्यास आणि जुन्या क्षेत्रांतील घटते उत्पादन सावरण्यास उपयोगी पडले असते ते, आणि त्याच्या जोडीला काढलेले मोठे कर्ज, सरकारी तिजोरीत गेले.

तेलाच्या धंद्यात सरकार मुळात उतरले ते तिजोरी भरण्यासाठी नव्हे. 1960 च्या सुमारास रशियाने सवलतीने देऊ केलेले कच्चे तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास परकीय कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा ज्या देशाचे इंधन परक्याच्या मर्जीवर अवलंबून असते त्याचे स्वातंत्र्यही तितकेच अपुरे असते, हे केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्यास निराळे सांगावे लागले नाही. 1956 मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या, म्हणजे आजच्या ओएनजीसीच्या, भूशास्त्रज्ञांनी खंबायत, अंकलेश्वर आणि पुढे 1974 मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधून काढले; त्याच वर्षी एस्सो (आजची हिंदुस्थान पेट्रोलियम) आणि 1976 मध्ये बर्मा-शेल (आजची भारत पेट्रोलियम) या परकीय कंपन्या, तुर्भे-माहूलच्या किनाऱ्यावरील त्यांच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसह, संसदेने कायदा करून राष्ट्राच्या स्वाधीन केल्या.

जे संसदेने घेतले ते संसदेस विचारल्यावाचून खाजगी हाती देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये दिला होता. परंतु 2016 मध्ये कालबाह्य कायद्यांच्या एका लांबलचक यादीत हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेही रद्द झाले, आणि 2019 मध्ये भारत पेट्रोलियममधील आपला सर्व, म्हणजे 53.29 टक्के, हिस्सा विकण्याचा ठराव मंत्रिमंडळास स्वतःच्या अखत्यारीत करता आला. 2022 मध्ये तो बेत सोडून देण्यात आला खरा, पण इच्छुक खरेदीदार मागे हटले म्हणून. राष्ट्रहिताचा पुनर्विचार झाला म्हणून नव्हे.

सरकारने व्यापार करू नये असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप निराधार नाही. पेट्रोलचे दर 2010 मध्ये आणि डिझेलचे 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाल्याचे जाहीर झाले, तरी जागतिक बाजार चढत असताना येथील दर महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत आणि तोटा कंपन्यांच्या ताळेबंदात साचतो, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु हा दोष मालकीचा नसून बेशिस्त वहिवाटीचा आहे. नॉर्वेने 1972 मध्ये स्थापन केलेल्या आपल्या तेल कंपनीचे भाग 2001 मध्ये बाजारात आणले, तरी दोन-तृतीयांश मालकी स्वतःकडे ठेवली. आणि तेलाचे उत्पन्न वेगळ्या निधीत घालून त्यातून किती खर्चावे यावर नियमाचे बंधन घातले. आपण गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे तसा निधी आपल्याला साधणार नाही. पण मालकाने आपल्याच कंपनीच्या गल्ल्यात मनास येईल तेव्हा हात घालू नये, ही शिस्त साधण्यास तेलाच्या विहिरी लागत नाहीत.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, तेल कंपन्यांचे हे भाग सरकारने राखावेत, परंतु विश्वस्ताच्या नात्याने राखावेत. बहुमताचा हिस्सा विकणे असो वा एका सरकारी कंपनीने दुसरी विकत घेणे असो, त्यास संसदेची संमती पुन्हा अनिवार्य करावी. गरिबाला स्वस्त गॅस द्यावयाचा असेल, आणि तो द्यावाच, तर त्याची तरतूद अंदाजपत्रकात आगाऊ व उघडपणे व्हावी. 2022 मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना गॅसच्या तोट्यापोटी 22,000 कोटी रुपये दिले गेले, ते तोटा होऊन गेल्यावर. लाभांशाचे प्रमाण आधीच ठरावे आणि शोधकार्याचा पैसा त्यातून वगळला जावा. मंत्रिमंडळे बदलतात, राष्ट्राची मालकी टिकावयाची असते. तिचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडणे हे प्रत्येक सरकारचे कर्तव्य आहे, आणि तो मागणे हे आपले.