समुद्राविना चौपाटी आणि पाच वाजताचे ताट

सोलापूरला समुद्र नाही. चौपाटी मात्र आहे. पार्क स्टेडियमच्या आसपास भेळ, पाणीपुरी, पावभाजी यांच्या गाड्या लागतात आणि दिवेलागणीनंतर त्या 'पार्क चौपाटी'ला खरा रंग चढतो. बाहेरगावच्या पाहुण्याला सोलापूरकर तेथे कौतुकाने घेऊन जातो. अडचण एवढीच की, चौपाटीची वेळ सुरू होते तेव्हा रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या पाहुण्याची वेळ सरलेली असते.

चादरी आणि टॉवेल यांच्या खरेदीसाठी सोलापुरास येणाऱ्या जैन व्यापाऱ्याचा प्रश्न म्हणूनच 'कोठे जेवावे' याआधी 'केव्हा जेवावे' हा असतो. नोव्हेंबरअखेर येथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच आहार आटोपणाऱ्या व्रतस्थास पाच वाजता ताटावरून उठावे लागते. जूनअखेर हीच मर्यादा सव्वासहापर्यंत लांबते. बाजार मात्र ऋतुमानाप्रमाणे आपली वेळ बदलत नाही. चाटी गल्लीत गठ्ठे उलगडलेले, भावाची घासाघीस ऐन रंगात आलेली, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजलेले! अशा वेळी जो पेढीवाला हातातील नमुना बाजूला ठेवून 'आधी पानावर चला, भाव नंतर ठरवू' असे म्हणतो, त्याचा माल ग्राहक सहसा नाकारीत नाही. आडतीच्या जुन्या व्यवहारात बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचे जेवण पेढीवाल्याच्या घरी हे ठरलेलेच असे. आता नमुने मोबाईलवर पाहिले जातात, खरेदीदार सकाळी येऊन रात्रीच्या गाडीने परततो, आणि घरचे आमंत्रण देण्याघेण्यास दोघांनाही संकोच वाटतो. हा संकोच सोडावा. सोलापुरातील उत्तम भोजनालय अजूनही परिचिताचे घरच आहे.

घर नसेल तेथे दुपारचे जेवण हाच भक्कम आधार मानावा. उपाहारगृहाच्या फलकावरील 'जैन' या शब्दावर विसंबून राहू नये. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही एवढाच असतो. बटाटा, गाजर आणि आले त्यात सुखाने नांदत असतात. शिवाय रस्सा सकाळीच एकत्र शिजवून ठेवलेला असेल, तर वरून कांदा न घातल्याने काय साधणार? म्हणून 'जैन मिळेल का' असे विचारण्याऐवजी 'आमची भाजी वेगळी फोडणी देऊन कराल का' असे विचारावे. साध्या वरण-भातावर, ज्वारीच्या भाकरीवर आणि गिलक्याच्या किंवा दोडक्याच्या भाजीवर बेत ठेवला, तर आचाऱ्यालाही सोपे जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची ताजी भाकरी पानात असताना पंजाबी भाज्यांची नक्कल मागविण्यात काय शहाणपण आहे, हेही खवय्यांनी मनाशी विचारून पाहावे.

दाक्षिणात्य उपाहारगृहे सोलापुरात पावलोपावली आहेत. कर्नाटक आणि तेलंगणाची वाट येथूनच जाते. तेथे इडली आणि खोबऱ्याची चटणी मागवावी, सांबार मात्र चौकशी करूनच. आंबविलेले पीठ ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी उपमा घ्यावा, तोही कांद्याविना करून मिळत असेल तर. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यास दहीवडा चालणार नाही, दहीभात चालेल.

पेयांत फसगत होते ती चहाने. टपरीवरील 'स्पेशल' चहात ओले आले ठेचून घातलेले असते आणि ते कपात दिसत नाही. सुंठ चालते, आले नाही, हा भेद टपरीवाल्यास समजावून सांगण्यापेक्षा 'नुसता दुधाचा चहा' मागणे बरे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उसाच्या रसाचा मोह होतो. पण त्यातील बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी सांगत नाही. त्यापेक्षा पाणी न घालता काढलेला डाळिंबाचा रस घ्यावा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते त्याने चवीनेच कमावलेले आहे. पिण्याचे पाणी घरून गाळून, उकळून आणलेले असावे.

राहिली शेंगाचटणी. सोलापूरचे नाव निघाले की, प्रथम तिचेच स्मरण होते, आणि नेमका तिच्यात लसूण! भाजलेले दाणे, लाल तिखट, जिरे, मीठ आणि लसूण उखळात कांडताना दाण्यांना तेल सुटते. तेच तिचे रहस्य. लसूण वगळल्यास उग्रपणा जातो, पण तेल सुटण्यात काही उणे येत नाही. जिरे किंचित वाढविले की, झाले. बिनलसणाची चटणी मागितल्यास मिळते, मात्र ती त्याच उखळात कांडलेली आहे काय, हे विचारून घ्यावे. शेंग जमिनीखाली येते, तरी ती कंद नव्हे, म्हणून बहुतेक जैन घरांत तिला मज्जाव नाही. येथील श्राविका ही चटणी घरीच कांडतात आणि पाहुण्याच्या पिशवीत न मागता घालतात.

कडक भाकरी आणि गुळाची शेंगापोळी ही प्रवासाची खरी शिदोरी. पातळ, पापडासारखी वाळविलेली भाकरी दिवसेंदिवस टिकते. तथापि पिठाची मर्यादा पाळणाऱ्यांनी, म्हणजे पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस, ती ओळखीच्या घरूनच करवून घ्यावी. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने निघणाऱ्यास ही शिदोरी उलट दिशेने उपयोगी पडते. गाडी सायंकाळी सहाच्या आगेमागे सुटते आणि सोलापूर रात्री येते. तेव्हा हिवाळ्यात पुणे स्थानकाच्या फलाटावर, गाडीत चढण्यापूर्वीच डबा उघडावा लागतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईस परतणाऱ्याने मात्र शेंगापोळीची पुडी उशाशी तशीच ठेवावी. सकाळी सूर्य वर येऊन दोन घटका झाल्या की, ती सोडावी.