मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत



आजचा विषय जरा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये बोटाएवढ्या सैनिकांचा एक मोठा छंद आहे. या मूर्ती कोऱ्या विकत आणायच्या, बारीक ब्रशने रंगवायच्या आणि टेबलावर मांडून, फासे टाकत लढाईचा खेळ खेळायचा. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा वॉरहॅमर हा १९८३ साली आलेला खेळ त्यात फार प्रसिद्ध. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याला याचा नाद आहे, म्हणून मलाही थोडंफार कळू लागलं.

जुन्या धातूच्या मूर्ती आता ईबेसारख्या लिलावाच्या साइटवर शोधाव्या लागतात. तिथे एखाद्या बोटभर मूर्तीपुढे १०० पौंडही लिहिलेले असतात, आणि वर 'दुर्मिळ' अशी पाटी. खेळणारे संतापतात, विकणाऱ्यांना लुटारू म्हणतात. मला वाटतं, राग योग्य जागी धरायला हवा.

पहिली गोष्ट, मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. किंमत ठरते सौदा झाल्यावर. १०० पौंडांची पाटी लावून मूर्ती वर्षभर तशीच पडून असेल, तर ती नुसती विकणाऱ्याची आशा. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय निवडला की लोकांनी प्रत्यक्षात किती मोजले ते दिसतं. मंडईत दोन गाडे फिरून मगच भाजी घेतो ना आपण? तेवढाच हा खटाटोप.

दुसरी गोष्ट, 'दुर्मिळ' या शब्दाची. साचे कंपनीचे असतात. ती अधूनमधून ठरावीक दिवस ऑर्डर घेऊन काही जुन्या मूर्ती पुन्हा ओतून देते. २०१५ साली तिने जुना वॉरहॅमर बंद केला, तेव्हा त्या सैन्यासाठी लोक लिलावांकडे वळले. मग जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' नावाने ते जग परत आलं आणि कितीतरी जुन्या मूर्ती पुन्हा दुकानात दिसू लागल्या. पुरवठा ज्याच्या हातात आहे तो उद्या काय करील हे माहीत नसताना दामदुप्पट मोजायचे कशाला?

तिसरी गोष्ट लिलावाची. बोली आपल्याला नवी नाही. मंदिरात अभिषेकाची, आरतीची बोली होते. पण तिथे बोलणारा समोर बसलेला असतो आणि पैसा मंदिराला जातो. ऑनलाइन लिलावात समोरचा दिसत नाही. विकणाऱ्यानेच दुसऱ्या नावाने बोली चढवायला नियमाने बंदी आहे, पण कुणी तसं केलं तर आपल्याला चटकन कळत नाही. यावर उपाय ईबेच्या पद्धतीतच आहे. आपली कमाल रक्कम एकदाच लिहायची. मी ४० पौंड लिहिले आणि दुसऱ्याची मर्यादा १८ असली, तर मला साधारण १९ पौंडांतच ती मिळते. रक्कम लिहावी आणि उठून आपल्या कामाला लागावं. तिथेच बसून जो पुन्हा पुन्हा आकडा वाढवतो, तो मूर्तीसाठी नाही, हरायचं नाही म्हणून वाढवतो.

मग विकणाऱ्याचा दोष काहीच नाही का? जास्त भाव मागणं हा दोष मी मानत नाही. परवडत नसेल तर सोडून द्यावं. पण मूळ मूर्तीवरून साचा काढून ओतलेली नक्कल 'अस्सल जुनी' म्हणून विकणं, हा दोषच. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे तो हाच. आणि दुकानात मिळणाऱ्या वस्तूला 'दुर्मिळ' म्हणणं सत्यात बसत नाही.

यात खरं नुकसान होतं ते खाऊचे पैसे साठवून खेळ सुरू करू पाहणाऱ्या मुलाचं. ती पाटी बघून त्याला वाटतं, हा छंद श्रीमंतांचा, आपला नव्हे. आणि पाकीट न फोडता भाव चढायची वाट बघणाऱ्याकडे तरी काय उरतं? ना खेळ, ना रंग, नुसता परिग्रह.

तुमच्या घरात कुणी जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं किंवा खेळण्यातल्या मोटारी ऑनलाइन घेत असेल, तर त्यालाही एवढंच सांगा: पाटी वाचू नकोस, झालेले सौदे वाच.