औद्योगिक वापरापुरते

व्यापारी करारनाम्यांचा मागोवा या स्तंभातून घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते, ती ही की, कलमापेक्षा त्याच्या पोटातील अपवादालाच अधिक दीर्घ आयुष्य लाभते. आणि शिशाच्या रंगांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा त्याचा अत्यंत क्लेशकारक दाखला होय. शिशापासून बनणाऱ्या सफेद्याच्या सहवासाने रंगाऱ्यांना असह्य पोटशूळ होतो, त्यांची मनगटे लुळी पडतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ज्ञात असल्यामुळे, १९२१ साली जिनीव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने इमारतींच्या अंतर्भागात सफेदा लावण्यास मनाई करणारा करार संमत केला. परंतु रेल्वेची स्थानके आणि औद्योगिक इमारती येथे अधिकाऱ्यांस आवश्यक वाटल्यास तो लावण्याची मुभाही त्याच कलमात ठेवून दिली.

पंचाण्णव वर्षांनी, २०१६ साली, भारत सरकारने घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा स्तुत्य नियम केला, त्याचा अंमल पुढील वर्षाच्या नोव्हेंबरपासून सुरू झाला, आणि औद्योगिक रंग मात्र पूर्ववत मोकळेच राहिले. लेड क्रोमेट नावाचे जे पिवळेधमक रंगद्रव्य यंत्रांना, वाहनांना आणि रस्त्यावरील पट्ट्यांना दिले जाते, ते स्वस्त आहे, उन्हात टिकते, खालचा पृष्ठभाग पूर्ण झाकते, एवढ्या गुणांवर त्याची तरफदारी केली जाते. पण डब्यावर ‘औद्योगिक’ असे छापल्याने आतला माल कारखान्याच्या आवारातच राहील, अशी हमी कोणी द्यावी? बांगलादेशात हेच द्रव्य हळदीला झळाळी आणण्यासाठी तिच्यात मिसळले जात होते. हळदीच्या भावाचा तिच्या रंगाशी काय संबंध असतो, हे सांगलीच्या पेठेत वावरलेल्यास सांगावे लागत नाही. बांगलादेशच्या शासनाने २०१९ साली व्यापाऱ्यांना दंड केले, जनतेस सावध केले, आणि तपासलेल्या नमुन्यांपैकी शिसे आढळणाऱ्यांचे प्रमाण जे ४७ टक्के होते, ते २०२१ पर्यंत शून्यावर आले. दोन वर्षांत जे साध्य झाले, ते त्याआधी का होऊ नये, हा विचार मनाला अस्वस्थ करतो. कारण बालकांच्या मेंदूला शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे.

युरोपातील एक प्रकरण या संदर्भात मननीय वाटते. तेथे लेड क्रोमेटच्या रंगद्रव्यांचा मे २०१५ नंतर परवान्याविना वापर निषिद्ध ठरला असता, एका कॅनेडियन उत्पादकाला युरोपीय आयोगाने २०१६ साली औद्योगिक कामांपुरता परवाना दिला. स्वीडनने त्यास हरकत घेतली. त्या देशात हे रंगद्रव्य वापरल्यावाचूनही काम चालत होते. न्यायालयाने २०१९ साली परवाना रद्द केला आणि २०२१ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निवाडा कायम केला. त्यातील तत्त्व मला मोलाचे वाटते: सुरक्षित पर्याय उपलब्ध नाही, हे सिद्ध करण्याचा भार सवलत मागणाऱ्यावर असतो, आणि त्याविषयी संशय उरला तर त्याचा लाभ विक्रेत्यास देता येत नाही.

आपल्याकडे हा भार आज कोणावरच नाही. शिशाच्या इतर उपयोगांवर मात्र बंधने आली आहेत. घातक रसायनांच्या व्यापारावरील रॉटरडॅमच्या करारान्वये आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती विचारावी लागते अशा रसायनांच्या यादीत पेट्रोलमध्ये मिसळावयाची शिशाची संयुगे आहेत. आणि त्या पेट्रोलचा वापर भारतात २००० साली, तर जगातून अखेर २०२१ साली, अल्जीरियात संपला. म्हणजे मुदत घालून शिसे हटवता येते. पीव्हीसी पाइपांतील शिसे काढून टाकण्याचे नियमही आपल्याच सरकारने २०२१ साली केले. तेव्हा २०१६ च्या नियमातील ‘घरगुती व शोभेच्या’ हे शब्द वगळून सर्व रंगांस ९० ची मर्यादा लावावी, आणि ज्या कारखानदारास पर्याय खरोखरच सापडत नसेल त्याने पुराव्यानिशी, ठरावीक मुदतीपुरता परवाना मागावा, अशी तजवीज पर्यावरण मंत्रालयाने विनाविलंब करावी.