आठवीनंतर थांबणारे ताट

वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या हातकणंगले तालुक्यात संपत्तीची वाण नाही. उसाचे फड, साखर कारखाने, दूध संस्था, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी. सारे येथे आहे. परंतु या संपत्तीचा खरा ताळेबंद मांडावयाचा तर शेतमजुराच्या वा यंत्रमाग कामगाराच्या नववीत शिकणाऱ्या मुलीच्या ताटाकडे पाहिले पाहिजे.

या वयात शरीरातील रक्त वाढते, पाळी सुरू होते, हाडे जन्माची पुंजी साठवितात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह पुरते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस ३० लागते. घरोघरी वाढण्याचा क्रम मात्र नेमका उलटा असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या; मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

दोष केवळ घराच्या रीतीचा नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील भोजनाचा हक्क आठवीपर्यंतच, चौदाव्या वर्षापर्यंतच दिला. गरज शिगेला पोहोचत असतानाच सरकार ताट काढून घेते. मागे उरते ती आठवड्याची लोहाची गोळी. ती हवीच, तिची टिंगल करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण त्या गोळीत कॅल्शियम नाही, प्रथिने नाहीत, आणि रिकाम्या पोटी ती मुलींना सोसतही नाही.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर नेहमीचेच. तमिळनाडूने आणि येथून फार दूर नसलेल्या कर्नाटकाने दहावीपर्यंतच्या मुलांना शाळेत जेवण दिले आहे. महाराष्ट्राला ते न परवडण्याचे कारण काय? कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांत नाचणी पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या वयाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमची. नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी, लोह अंगी लागावे म्हणून लिंबाची फोड, आणि खाणाऱ्यांना अंडे. यात अशक्य असे काहीही नाही. शिवाय डोंगरातील शेतकऱ्यास हक्काचे गिऱ्हाईक मिळेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत एकच ठराव मांडावा: शाळेतील जेवण दहावीपर्यंत चालू राहिले पाहिजे. ऊसदरासाठी रस्ता अडविणाऱ्या या भागाला आपल्या लेकींच्या ताटासाठीही रस्त्यावर उतरता आले पाहिजे.