घरची मैफल

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि गाण्याच्या मैफली बंद पडल्या. तेव्हा अनेक गायकांनी घरीच मोबाइलसमोर बसून इंटरनेटवर थेट कार्यक्रम केले. घरबसल्या गायचे, त्याला पैसे कशाला, असे काही लोक आजही म्हणतात. मला हे पटत नाही. मोबाइल मुळात बोलण्यासाठी केलेला. तानपुऱ्याचा अखंड सूर तो पुष्कळदा पंख्याची घरघर समजून दाबून टाकतो. तबलजी दुसऱ्या घरी असला, तर आवाज क्षणभर उशिरा पोचतो व ताल बिघडतो. एवढे सांभाळून गायक गझल म्हणतो, आणि शेर संपल्यावर ‘वाहवा’ नाही, पडद्यावर नुसती अंगठ्याची चित्रे! त्यांवर कोणाचे घर चालत नाही. तिकीट नसेना का, ऐकणाऱ्याने बिदागी पाठवावी, दहा रुपये का होईना.